आमच्या आप्पांच्या नावापुढे 'फिटर' लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या पेपरात आमच्या आप्पांची निधन वार्ता आली होती. चारच ओळी, नाव, गाव, वय 81, प्रगतशील शेतकरी, मागे पत्नी, दोन मुली, मुलगा, सून, नातवंडं असा परिवार. चूक तुमची नाही, माहिती आमच्याच घरातून गेली होती. माझा चुलतभाऊ द्यायला आला होता आणि व्यवसाय काय विचारल्यावर त्याने शेती सांगितलं, सातबाऱ्यावर नाव आहे, साडेतीन एकर आहे, त्याचंही काही चुकलं नाही. पण खरं सांगायचं तर शेती केली आमच्या मायनं. निंदणी, वेचणी, मजूर लावणं, उधारी उसनवारी सगळं तिचं. आप्पा शेतात गेले तरी विहिरीवरच्या इंजनापाशी बसायचे. ते फिटर होते. एरंडोल तालुक्यातल्या आमच्या आजूबाजूच्या दहा-बारा गावात त्यांना कोणी नावानं ओळखत नव्हतं, फिटर आप्पा म्हणायचे. म्हणून हे पत्र, लांबलं तर माफ करा.

आप्पांची शाळा सातवीपर्यंत. घरची परिस्थिती नव्हती म्हणून पोरगेलं वय असताना जिनिंगमधे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात त्या कारखान्यात, सरकी ओढायच्या कामाला लागले. तेव्हा जिनिंगमधे एकच मोठं इंजन असायचं, त्यावर लांब लाईन शाफ्ट फिरायचा आणि प्रत्येक जिनला त्या शाफ्टवरून चामड्याचा पट्टा. आप्पा सांगायचे की पहिल्या दिवशी सगळा नुसता गोंगाट वाटला, आठ दिवसांनी त्या गोंगाटात एक जिन वेगळं बोलतंय हे कळायला लागलं. त्यांनी हेड मिस्तरीला जाऊन सांगितलं की त्या कोपऱ्यातल्या मशीनला काहीतरी झालंय, मिस्तरी हसला, दुपारी त्याच मशीनचं बेअरिंग गेलं. दुसऱ्या दिवशी मिस्तरीने सरकीची टोपली हातातून काढून घेतली आणि पान्हा दिला. ही गोष्ट आप्पांनी स्वतः आम्हाला कधी सांगितली नाही, त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी दहाव्याच्या दिवशी सांगितली.

ज्यांनी जिनिंग आतून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण खान्देशात कापूस सगळ्यांनी पाहिलाय पण कापसाची रुई कशी होते हे आमच्या शाळेतल्या पोरांनाही माहीत नसतं (मी शाळेत विज्ञान शिकवते). आपल्याकडचं जिन म्हणजे डबल रोलर. दोन रोलर, त्यांच्यावर चामड्याच्या चकत्या एकाला एक दाबून बसवलेल्या, आणि त्यावर तिरप्या चऱ्या पाडलेल्या. रोलर कापसाचा धागा धरून आत ओढतो, रोलरला टेकून एक पक्की सुरी असते, तिच्याजवळून सरकी आत जाऊ शकत नाही, आणि दुसरी हलती सुरी वरखाली होऊन ती अडकलेली सरकी खाली पाडते. रुई एकीकडे सरकी एकीकडे. क्विंटलभर कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते. आता सगळी करामत आहे ती रोलर आणि सुरीच्या दाबात. दाब कमी पडला तर रुई नीट ओढली जात नाही, जास्त झाला तर रोलर तापतो, चामडं जळतं, आणि जिनिंगमधे काहीही तापलं म्हणजे पुढची गोष्ट आग. आप्पा लाईनमधून फिरताना प्रत्येक मशीनपाशी एक सेकंद थांबायचे, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला. बास. डॉक्टर जसा छातीला लावतो तसं. कुठं गोळी घासतेय, कुठं ग्रीस सुकलंय ते तिथंच कळायचं.

आग त्यांनी तीनदा पाहिली. एकदा कापसात आलेल्या लोखंडाच्या खिळ्यानं ठिणगी पडली होती. रुईची आग फसवी असते, वरून विझलेली दिसते आणि गठाणीच्या आत धुमसत राहते, आणि दोन दिवसांनी परत पेटते. आप्पा आग विझल्यावरही घरी येत नव्हते, दोन दोन रात्री तिथंच गठाणींपाशी हात लावत फिरायचे की कुठली गरम लागतेय. माय भाकरी बांधून मला पाठवायची. माझी सगळ्यात जुनी आठवण तीच आहे, ओल्या जळक्या रुईचा वास आणि आप्पा दोन्ही तळहात गठाणीवर ठेवून उभे.

कापूस एकाधिकार योजना, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच विकत घ्यायचा, 1972 ला सुरू झाली आणि खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागायला लागल्या, मग हंगामात जिनिंग रात्रंदिवस चालायचं. दिवाळीनंतर आप्पा घरी पाहुण्यासारखे. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास हंगाम संपला की मग ते आमचे व्हायचे. म्हणजे आमचे कसले, गावाचे, कारण उन्हाळ्यात विहिरींचं पाणी खाली जायचं आणि सगळ्यांची इंजनं तेव्हाच बंद पडायची.

72 च्या दुष्काळाचं सांगायलाच पाहिजे. तेव्हा मी जन्मले नव्हते, मायकडून आणि गावातल्या लोकांकडून ऐकलेलं आहे. पंपाचं एक असतं, तो काठावर ठेवून पाणी कितीही खोलातून वर येत नाही. आप्पांचं वाक्य होतं, पंप पाणी ओढत नाही, हवा पाणी ढकलते. पंप फक्त पाईपातली हवा काढून जागा करून देतो आणि विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा जो दाब असतो तो पाणी वर चढवतो. तो दाब 10.3 मीटरपेक्षा जास्त पाणी उचलू शकत नाही, पुस्तकात, आणि प्रत्यक्षात फुटव्हॉल्व (पाईपाच्या खालच्या टोकाची झडप), पाईपातलं घर्षण, थोडी कुठं हवा घेतली, हे सगळं धरून वीस-पंचवीस फूट. मी हा धडा वर्गात शिकवते तेव्हा आजही पुस्तक बाजूला ठेवून आप्पांचंच वाक्य सांगते, पोरांना एका दमात कळतं. तर पाणी गेलं खाली, पंप काठावरून ओढेना, मग लोकांनी विहिरीत आडवे गर्डर टाकून इंजन आणि पंप दोन्ही खाली उतरवले. डिझेल इंजन, आणि ते चाळीस फूट खाली बंद विहिरीत. हँडल मारायला माणूस खाली जायचा आणि धूर तिथंच साचायचा.

शेजारच्या एका गावात असे दोन सख्खे भाऊ गेले. पहिला हँडल मारायला उतरला तो वर येईना, दुसरा त्याला बघायला उतरला. आप्पांना बोलावलं होतं ते नंतर, इंजन वर काढायला. तेव्हापासून त्यांनी एक नियम केला आणि शेवटपर्यंत पाळला, सायलेन्सरचा पाईप विहिरीच्या काठाच्या वर नेल्याशिवाय ते कोणाच्याही इंजनाला हात लावत नव्हते. मग तो पाटील असो नाहीतर जवळचा नातेवाईक. लोक म्हणायचे एवढा लांब पाईप लावला तर इंजन दमतं, जोर कमी होतो, आणि ते खरंच होतं कारण धूर बाहेर जायला अडथळा झाला की इंजनावर उलटा दाब येतो. त्यावर आप्पांनी जाड पाईप वापरायला सुरुवात केली, इंजनाला जेवढं तोंड आहे त्यापेक्षा मोठा, आणि वळणं कमीत कमी. पाईप नाही म्हणून कोणी रडायला लागलं तर स्वतःच्या घरचा द्यायचे. आमच्या ओट्यावर आजही तसा एक जाड पाईप उभा आहे, त्याच्यावर आता मायचा कारल्याचा वेल आहे.

अजून एक ते फार कळकळीनं सांगायचे. विहिरीत कंदील सोडून बघायची पद्धत होती, विझला तर उतरायचं नाही. आप्पा म्हणायचे विझला तर उतरू नका हे बरोबर, पण पेटलेला राहिला म्हणजे हवा चांगली असं धरू नका. धुरातला जो विषारी वायू असतो, कार्बन मोनॉक्साईड, त्याला वास नाही रंग नाही आणि कंदील त्याच्यात आरामात जळत राहतो. हे त्यांना कोणी शिकवलं मला माहीत नाही, त्या दोन भावांच्या वेळी कंदील पेटलेला होता एवढंच ते म्हणायचे. अजूनही कुठं कुठं विहिरी खोल करताना, गाळ काढताना आत इंजन चालवतात, म्हणून हे तुमच्या पेपरात छापून यावं असं मला वाटतं, बाकी काही कापलं तरी हे कापू नका.

पुढं गावात लाईट पसरली, इंजनं कमी झाली, मोटरी आल्या, मग पाण्यात बुडून चालणाऱ्या सबमर्सिबल. आप्पा चाळिशी पार केलेले, तरी रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरणं, शिकले. कोणाकडे जाऊन नाही, एक जळालेली मोटर भंगारातून आणली आणि एकेक कॉईल उकलत मोजत गेले. किती स्लॉट (कॉईल बसते त्या खाचा), एका कॉईलला किती वेढे, कुठल्या स्लॉटातून निघून कुठल्या स्लॉटात गेली, तारेचा गेज किती, जुन्या तांब्याचं वजन किती. सगळं वहीत. तारेवरचं एनॅमल जाळून मायक्रोमीटरनं मोजायचे कारण एनॅमलसकट मोजलं तर गेज चुकतो. पहिली मोटर त्यांनी तीनदा भरली तेव्हा चालली. मायनं मला सांगितलंय की तिसऱ्या वेळेला मोटर फिरली तेव्हा ते रडले होते.

जळालेली मोटर खोलली की ते आधी नुसते बघत बसायचे. आम्हाला पण बसवायचे. सगळ्या कॉईल सारख्याच काळ्या असतील तर मोटरवर लोड जास्त आला किंवा व्होल्टेज कमी, नाहीतर पंप जाम. पण दोन फेजच्या कॉईल जळाल्यात आणि तिसऱ्या फेजच्या कोऱ्या करकरीत असतील तर समजायचं की चालता चालता एक फेज गेला आणि मोटर दोन फेजवर तशीच ओढत राहिली. तिन्ही फेजच्या कॉईल जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा; स्टार कनेक्शनला असं दिसतं, डेल्टाला उलट, एकच फेज काळा. मग ते शेतकऱ्याला सांगायचे भो तुझी मोटर खराब नव्हती, तुझ्या डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज बघ आधी, नाहीतर मी भरून देतो आणि तू आठ दिवसांनी परत येशील. कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवायची जी सवय आपल्याकडे पडलीय तिच्यावर त्यांचा फार राग. पण तेही समजायचे, रात्रीची लाईट, ती पण अर्धवट, आणि शेतात केळी नाहीतर कापूस सुकत उभा. माणूस काय करणार. म्हणून ते रागावून पण भरून द्यायचेच. पैशाचं विचारलं तर "पैसा काय पयी चालना?" (पैसा काय पळून चाललाय?) हे ठरलेलं उत्तर. मायला ते पटायचं नाही आणि मला मायचंच बरोबर वाटायचं, घरात फी भरायला पैसे नसायचे आणि वहीत बारा जणांची उधारी. हे मी आज चांगलं-वाईट न ठरवता लिहितेय, असं होतं.

त्या वह्या एकोणीस आहेत. शंभर पानी, दोनशे पानी, एक दोन जुन्या डायऱ्या. प्रत्येक मोटरचं एक पान. एचपी, स्लॉट, 2880 का 1440 आरपीएम, वेढे, गेज, पिच (कॉईल किती स्लॉट ओलांडून जाते ते), आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीबाही. "पोरीचं लग्न, अखाजीनंतर घेणे." "विहीर गोड आहे, पाणी पिलो." "यांच्या बैलाला बरं नाही." "मोटर तिसऱ्यांदा, डीपीला सांगून आलो." नुसत्या मोटरींचा हिशोब म्हणून मी त्या उघडल्या आणि रात्री दोनपर्यंत वाचत बसले. पहिल्या तीन वह्यांना उधई लागलीय, पानं उलटताना तुकडे पडतात. माझ्या भाच्यानं मोबाईलवर एकेक पानाचा फोटो काढायला घेतलाय.

घरात त्यांनी काय काय केलं ते सांगायला बसले तर तुमचं पान पुरणार नाही. एक दोनच सांगते. उन्हाळ्यात कुरडया करायच्या म्हणजे आमच्या मायचे हात जायचे. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवला की तो गरम आहे तोवरच सोऱ्यातून पाडावा लागतो, गार झाला की दाबतच नाही. एकदा मायचा खांदा एवढा सुजला की रात्री कूस बदलता येईना. आप्पा काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी भंगार बाजारातून ट्रकच्या जुन्या जॅकचा स्क्रू घेऊन आले, लाकडी घोडा केला, त्यात पितळी नळकांडं बसवलं, त्याला आतून कल्हई करून आणली, आणि वर फिरवायला सायकलच्या हँडलसारखा दांडा. एका हातानं फिरवा, कुरडई खाली. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायांच्या कुरडया आमच्या गच्चीवर झाल्या. तो साचा अजून चालू आहे, दर उन्हाळ्यात नंबर लागतात, मायनं कोण कधी नेणार त्याची यादी भिंतीवर खडूनं लिहिलेली असते.

दुसरं कूलरचं. आपल्याकडचा मे महिना म्हणजे काय ते जळगाव भुसावळच्या माणसाला सांगायला नको, 45 च्या वर पारा. आप्पांनी दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम कापून, जुन्या एक्झॉस्ट फॅनची मोटर बसवून कूलर केला होता, ते बऱ्याच जणांनी केलं असेल. पण एप्रिल लागला की ते टेस्टर आणि वायर घेऊन गल्लीतल्या प्रत्येक घरी जायचे आणि कूलरची अर्थिंग बघायचे. लोखंडी बॉडी, खाली पाणी, ओल्या फरशीवर पोरं अनवाणी, आणि अर्थिंग नाही. दर उन्हाळ्यात कुठंतरी कोणीतरी कूलरला चिकटून जातं, तुमच्याच पेपरात बातमी येते. ज्यांच्या घरी अर्थिंग नव्हतीच तिथं ते अंगणात खड्डा करून कोळसा आणि मीठ भरून करून द्यायचे आणि उन्हाळ्यात रोज त्या खड्ड्यात तांब्याभर पाणी टाकायचं काम घरातल्या बाईला लावून द्यायचे. आमच्या गल्लीत आजही बाया तुळशीला पाणी घातलं की तोच तांब्या अर्थिंगच्या खड्ड्यात रिकामा करतात.

आम्हा दोघी बहिणींना त्यांनी इंजनाच्या टॅपेटचा (झडपा उघडणाऱ्या भागाचा) गॅप लावायला, डिझेलची नोझल साफ करायला, फेज ओळखायला शिकवलं, भावाला शिकवलं तसंच. पोरीच्या जातीला कशाला असं आजी म्हणायची, आप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. शिकवायची पद्धत एकच. "पहिले आयक, मंग खोल." आधी चालू कर, आवाज ऐक, हात लावून तापलंय का बघ, वास घे, आणि मग पान्हा उचल. खोलल्यावर सगळं सारखंच दिसतं. मी घाईनं कधी नट सैल करायला गेले तर पान्हा हातातून काढून घ्यायचे आणि परत बसवायचे ऐकायला.

शिकली मात्र खरी आमची वहिनी. भाऊ पुण्याला कंपनीत होता, वहिनी बाळंतपणानंतर गावीच राहिली, आणि दुपारी आप्पांच्या बाजूला बसून कॉईलवर टेप गुंडाळून द्यायला लागली. तिची बोटं बारीक, सबमर्सिबलच्या लांब स्लॉटमधून प्लॅस्टिक आवरणाची ती तार ओढताना आवरण सोललं तर सगळी मेहनत वाया, कारण ती मोटर पाण्यानं भरलेली चालते. आप्पांची नजर कमी झाली तसं काम तिच्याकडे गेलं. सुरुवातीला लोक मोटर घेऊन यायचे आणि विचारायचे आप्पा कुठंय, ते खाटेवरून म्हणायचे मी इथंच आहे, काम तिला सांग. गेल्या आठ वर्षात दुकानातली प्रत्येक मोटर वहिनीनं भरलीय. निधन वार्तेत ती 'सून' या एका शब्दात आली. तेही दुरुस्त व्हावं असं मला वाटतं.

शेवटची काही वर्षं छातीनं त्यांना त्रास दिला. रुईचा धुरळा चाळीस हंगाम नाकातोंडात गेलेला. तरुणपणीच त्यांना एक कळलं होतं, आठवड्याची सुट्टी घेऊन परत कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि नंतर दोन दिवसात कमी होते. ते म्हणायचे सुट्टी मला सोसत नाही. खूप नंतर मी वाचलं की कापसाच्या धुळीनं होणारा हा आजारच आहे, बिसिनोसिस नाव आहे त्याचं, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरणं हीच त्याची खूण. तेव्हा तोंडाला ओला रुमाल बांधण्यापलीकडे कोणी काही करत नव्हतं. जिनिंगमधे आज जी पोरं कामाला आहेत त्यांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवा, सुट्टी सोसत नाही असं पोरगं म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरकडे न्या आणि कुठं काम करतो ते डॉक्टरला सांगा.

तर माझी विनंती एवढीच की जागा असेल तर दोन ओळी छापा. त्यात शेतकरी म्हणून मायचं नाव असू द्या, आप्पांच्या नावापुढे फिटर लिहा, आणि दुकान त्यांची सून चालवते असं लिहा.

आणि वह्यांबद्दल. ज्यांना जुन्या मोटरीचा डेटा मिळत नाही, कंपनी बंद झालीय, कॉईल आधीच कोणीतरी कापून टाकलीय, अशा रिवाइंडिंगवाल्यांनी येऊन बघावं, पैसे नाहीत, पान लिहून न्या. पारोळ्याकडून या नाहीतर धरणगावकडून, एरंडोलला उतरून फिटर आप्पांचं घर विचारलं तर आमच्या गावाचा रस्ता कोणीही दाखवेल. नेमप्लेट पुसली गेली असेल तरी चालेल, स्लॉट मोजून आणा आणि कोअरची (कॉईल ज्यात बसते त्या लोखंडी भागाची) लांबी न् आतला व्यास लिहून आणा, वहिनी शोधून देईल.

आपली वाचक,
फिटर आप्पांची मोठी मुलगी
ता. एरंडोल, जि. जळगाव